मास्तरांच्या चार पानांवरच्या कमानी

साताऱ्यात माझ्याकडे पियानो शिकायला जे येतात, त्यांत शिरवळच्या एका कारखान्यातले गृहस्थ आहेत. वय पन्नाशीला टेकलेलं. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं तपासायची आणि मापात केसभर फरक निघाला की माल परत धाडायचा, हे त्यांचं काम. दर रविवारी सकाळी गाडी काढून येतात. बोटं काही केल्या वळत नाहीत, पण चिकाटी अशी की मलाच लाज वाटावी. त्या रविवारी मी त्यांना माझ्या मास्तरांची रचना द्यायचं ठरवलं होतं. चार पानांची झेरॉक्स त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि चहा टाकायला आत गेले. परत येते तर गृहस्थ पियानोकडे पाठ करून बसलेले, पानं मांडीवर आणि हातात सहा इंची स्टीलची पट्टी. ती ते खिशातच बाळगतात.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्या सगळ्या कमानी एकाच मापाच्या आहेत."

कमान म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझं पुढचं रडगाणं कुणाला कळणार नाही. पियानोच्या लिपीत सुरांच्या डोक्यावरून एक आडवी वाकडी रेघ जाते. पुस्तकात तिला स्लर म्हणतात, माझे मास्तर कमानच म्हणायचे. कमानीखाली जेवढे सूर आले तेवढे एका दमात घ्यायचे, एकाला एक लागून, मध्ये हात उचलायचा नाही. कमान संपली की मनगट अलगद वर. बोलताना आपण मध्येच थांबतो, तसंच ते. आता ही कमान एक सूर अलीकडे संपली काय आणि पलीकडे संपली काय, बाहेरच्याला वाटेल काय बिघडतं? सगळं बिघडतं. सूर तेच, ताल तोच, पण बोलणारा माणूसच वेगळा वाटायला लागतो.

मास्तरांच्या त्या रचनेत प्रत्येक कमानीखाली पाच सूर होते. धावते सूर, आठ-आठांचे गट, आणि वर कमानी मात्र पाचांच्या. त्यामुळे दम दर वेळी भलत्याच ठिकाणी पडायचा. ह्या पाचावर मी आयुष्याची पंचवीस वर्षं घालवली. ‘मास्तरांचा पाच सुरांचा श्वास’ हे नावही मीच दिलेलं. विद्यार्थ्यांना सांगायची, मास्तर फौजेत होते, डोंगर चढताना पाच पावलांवर दम घ्यायची सवय असणार, तीच इथं उतरलीय. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. एकदा शिक्षकांच्या मेळाव्यात ह्याच विषयावर अर्धा तास बोलले आणि टाळ्या घेऊन खाली बसले. पाचाचा सहा केला म्हणून एका मुलीला मी रडवलंही आहे.

"लांबी तीच, उंची तीच," गृहस्थ पट्टी सरकवत म्हणाले, "त्रिज्यासुद्धा तीच. नुसत्या हातानं असं येत नाही मॅडम. कुणीतरी फर्मा वापरलाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "संगीत आहे ते," मी म्हटलं, "तुमचे नट-बोल्ट नाहीत." बिचारे ओशाळले, पट्टी खिशात घातली, निमूटपणे बोटांचा सराव करून निघून गेले. चहा तसाच राहिला. दार लावलं आणि मी चोरासारखी गुपचूप ट्रेसिंगचा कागद काढला. पहिली कमान त्यावर उतरवली आणि दुसरीवर ठेवली. तंतोतंत. तिसरीवर ठेवली. पान उलटलं, खालच्या ओळीवर ठेवली. चौथ्या पानाच्या शेवटापर्यंत तेच. इतक्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं, आणि नट-बोल्टवाल्या माणसाला चहा उकळेपर्यंत दिसलं.

ती पानं माझ्या अब्बांच्या हातची. अब्बांचं सांगलीत वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. पेटीचा भाता बदलायचा, सतारीच्या पट्टीवर वेलबुट्टी बसवायची, असली कामं. मास्तर फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन सांगलीत आले होते आणि एका शाळेच्या हॉलमधल्या जुन्या पियानोवर आम्हा चार-पाच पोरांना शिकवत. दोन वर्षांनी शाळेनं हॉल मोडला, पियानो विकला, मास्तर पलूसला आपल्या शेतावर गेले. जाण्याआधी त्यांनी त्यांची स्वतःची रचना माझ्यासाठी म्हणून अब्बांच्या हवाली केली. पेन्सिलीनं लिहिलेली चार पानं. अब्बांनी ती शाईनं स्वच्छ उतरवून काढली आणि मूळ कागद मास्तरांना परत दिले. अब्बांना पियानोची लिपी वाचता येत नव्हती. त्यांनी ती नक्षी उतरवावी तशी उतरवली. पुढं मी ती रचना त्या शाईच्या पानांवरून एकटीनं बसवली. मास्तरांनी माझ्याकडून ती कधीच ऐकली नाही. दर दिवाळीला मी त्यांना भेटून यायची, पण त्यांच्या घरी वाद्य नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नाही.

अब्बा जाऊन बारा वर्षं झाली. विचारायचं कुणाला? दुसऱ्या दिवशी मी इस्लामपूर गाठलं. अम्मी तिथं भावाकडे असते. आमच्या घरात बोलणं निम्मं दखनी, निम्मं मराठी. इथं मी सगळं मराठीतच लिहिते. अम्मी ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी पान तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "हे अब्बांनी कसं काढलं, आठवतं?"

तिनं चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि लगेच म्हणाली, "ही माझी बांगडी हाय की."

मी हसले.

"हसतीस काय? लाखेची व्हती, हिरवी. तुझ्या मामाच्या लग्नात भरलेली. फुटली तवा त्येंनी तुकडा उचलून खिशात टाकला. सतारीवर येल काढाय बरा पडतुय म्हनले."

"आणि ह्या कागदावर?"

"मास्तरांचा कागद बघून त्येंचं टाळकंच फिरलं," अम्मी म्हणाली. "खालचे ठिपके समदे जागच्या जागी, अन् वरच्या कमानी बघाव्या तर वाकड्यातिकड्या. एक लांब, एक आखूड, एक मधीच सुटलेली. म्हनले, एवढा फौजेतला मानूस अन् हात असा? माझ्या पोरीच्या हातात असला कागद द्याचा न्हाई. दोन दिस दुकान बंद ठिवलं. ठिपके कर्कटकानं मोजून सारख्या अंतरावर घातले, अन् कमानी समद्या बांगडीच्या तुकड्यानं वढल्या. लय झ्याक दिसत व्हतं. शेजारपाजारच्यांना दावलं आमी."

मी पान परत हातात घेतलं. ठिपके सारख्या अंतरावर, वर एकाच लांबीचा तुकडा. खाली पाचच सूर येणार, दुसरं काय येणार? ज्याला मी मास्तरांचा श्वास म्हणत होते, तो अम्मीच्या फुटक्या बांगडीचा तुकडा होता. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, मग कधीतरी त्याचं रडू झालं. अम्मी घाबरली. "चुकलं का काय त्येंचं?" असं तिनं विचारलं. मला अब्बांचा राग आला होता, खरंच आला होता. पण लेकीच्या हातात वाकडातिकडा कागद जाऊ नये म्हणून दोन दिवस दुकान बंद ठेवणाऱ्या माणसावर किती वेळ रागावणार? मी म्हटलं, "नाही गं, छान काढलंय," आणि तिच्याबरोबर शेंगा फोडल्या.

परतीच्या वाटेवर मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन मास्तरांच्या घरी फोन लावला. मूळ पेन्सिलीची पानं असतील तर बघायची होती. फोन त्यांच्या सुनेनं घेतला. त्यांना मी वहिनी म्हणते.

"पानं हायत की, त्येंच्या काळ्या ट्रंकेत हायत," वहिनी म्हणाल्या. "पर ताई, येनार असला तर लवकर या. मामांचा डावा कान कवाच गेला. आता उजवापन चाललाय. डाक्टर म्हनत्यात, थोड्या दिसांत तोबी जाईल. कानात यंत्र घाला म्हटलं तर अंगावर येत्यात."

मी फोन ठेवला. मास्तर पंच्याऐंशीच्या पुढं. त्यांची बोटं आखडलेली, स्वतः वाजवणं कधीच सुटलं होतं. आयुष्यात त्यांनी एकच रचना केली, थंड डोंगरातल्या फौजेच्या कुठल्याशा मेसमधल्या पियानोवर. ती पुढं वाजवली कुणी? मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी, आणि सगळ्यांनी बांगडीच्या मापानं. त्या माणसाला स्वतःची रचना, स्वतःच्या कमानींसकट, एकदा तरी ऐकायला मिळायला हवी होती, आणि त्याचा एकच कान उरला होता. मला दुसरं काही सुचेना. ज्या कमानी त्यांनी योजल्या होत्या त्या हुडकायच्या, त्यांना वाजवून दाखवायच्या, त्यांच्या तोंडून होकार घ्यायचा, आणि हे सगळं तो कान जायच्या आत.

दोन दिवसांनी पलूसला गेले. मास्तर अंगणात बाजेवर बसले होते, अंग वाळलेलं पण पाठ अजून ताठ. "लय दिसांनी आलीस गं," म्हणाले. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि बांगडीची गोष्ट सांगितली. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. गोष्ट संपली तसे असे हसले की त्यांना ठसका लागला.

"माझा कागद परत देताना त्येनं शाईची पानं दावली, तवाच दिसलं व्हतं," ते म्हणाले. "तुझ्या बापानं एवढ्या मायेनं लिवलं, त्येला काय सांगू? अन् तू म्हातारी हुईस्तवर तेच धरून बसशील, हे कुनाला ठावं!"

 त्यांना माहीत होतं! एवढी वर्षं दिवाळीचा फराळ माझ्यापुढं ठेवताना त्यांना माहीत होतं. मी त्यांना चक्क सुनावलं. मास्तर, तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी मेळाव्यात जाऊन माझी शोभा करून घेतली नसती. त्यावर ते आणखी हसले.

वहिनींनी ट्रंक उघडून दिली. युनिफॉर्मच्या खाली दोन पुडकी निघाली. एकात ती पेन्सिलीची चार पानं. दुसऱ्यात त्याच रचनेची क्लॅरिनेटसाठी केलेली प्रत, मास्तरांच्याच हातची, पण शाईनं. आता तिढा सुटला असं वाटून मी दोन्ही बाजेवर शेजारी शेजारी पसरली आणि माझं तोंडच उघडं राहिलं. दोन्हींच्या कमानी एकमेकींशी जुळत नव्हत्या. क्लॅरिनेटच्या प्रतीत त्या तोकड्या, दर तीन-चार सुरांनी तुटणाऱ्या. फुंकणाऱ्याला श्वास घ्यायला लागतो, तिथं तोडलेल्या. पेन्सिलीच्या पानांवर त्या लांब, पण लिहिणारा घाईत. कमान पहिल्या सुराच्या जरा आधी सुरू होते, आणि संपते दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत. अलीकडचा सूर धरायचा की पलीकडचा? आणि दुसऱ्या पानावर तर कहर. तिसऱ्या ओळीच्या शेवटी कमान कागदाच्या कडेपर्यंत उघडीच गेलेली, म्हणजे पुढच्या ओळीत चालू राहायला हवी. पण पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तिचा मागमूस नाही. तिथंच पूर्ण रचना वळण घेते. तिथं दम कुठं सुटतो हे कळल्याशिवाय बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

"मास्तर, ही कमान खालच्या ओळीत जाते का?" मी पानावर वाकूनच विचारलं.

"व्हय व्हय," मास्तर म्हणाले, "जेवूनच जा."

मला वाटलं म्हातारा चावटपणा करतोय, मुद्दाम ताकास तूर लागू देत नाहीये. मी मान वर करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मात्र ते विचारात पडले. पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग परत दिलं.

"कागदावरनं न्हाई सांगता येत, पोरी. वाजवून दाव. मग सांगतो."

फोटो काढून मी साताऱ्याला आले. पुढच्या रविवारी शिरवळच्या गृहस्थांना आधी चहा दिला, मग माफी मागितली, मग बांगडीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. खिशातून पट्टी काढली आणि विचारलं, "प्रती किती आहेत?" तीन रविवार त्या माणसानं माझ्या टेबलावर बसून काढले. पेन्सिलीची प्रत निळ्या खुणांनी, क्लॅरिनेटची लाल, आणि अब्बांची प्रत त्यांनी बाजूलाच ठेवली. मी म्हटलं, तीही हिरव्या खुणांनी घाला. मला ती वगळवेना. जिथं निळं आणि लाल एकाच सुरावर सुटतं तिथं वाद नाही, असं ठरवून आम्ही पुढं सरकलो. बऱ्याच जागा अशा निकालात निघाल्या. शेवटी उरलं ते दुसऱ्या पानावरचं ते वळण. त्याच्या तीन शक्यता मी कागदावर मांडल्या: कमान ओळीच्या शेवटीच संपते, पुढच्या ओळीच्या पहिल्या सुरावर संपते, किंवा क्लॅरिनेटसारखी दोन सूर आधीच तुटते. आळीपाळीनं तिन्ही वाजवून पाहिल्या. कान इतके आंबले की तिन्ही बरोबर वाटायला लागल्या, मग तिन्ही चूक.

"तुम्हाला काय वाटतं?" मी गृहस्थांना विचारलं.

"आमच्याकडे ड्रॉइंगवर शंका आली," ते म्हणाले, "तर ज्यानं काढलं त्याला विचारतात. अंदाज बांधत नाहीत. तुमचा माणूस अजून आहे ना? मग इथं काय बसलाय?"

त्यांच्या बोलण्यातलं तथ्य मला झोंबलं. तीन आठवडे गेले होते. मी वहिनींना फोन केला, कानाचं विचारलं. "तसंच हाय," त्या म्हणाल्या, "समोर बसून बोललं की समजतंय." माझ्या जिवात जीव आला. माझा विजेवरचा पियानो, सुटसुटीत असला तरी चांगला जड, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घातला आणि सकाळीच निघाले.

मास्तरांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ओसरीत टेबलावर पियानो मांडला, वायर घरात नेऊन जोडली, स्टूल घेतलं. मास्तरांनी आपली खुर्ची माझ्या उजव्या हाताला ओढून घेतली, इतकी जवळ की त्यांचा गुडघा टेबलाच्या पायाला लागला. "हितनं बरं हाय," ते म्हणाले. उजवा कान उरलाय म्हणून उजवीकडे बसले असतील, असं मी धरलं. वहिनी आत भाकरी थापत होत्या.

मी पहिल्या शक्यतेनं सुरुवात केली.  वळण आलं, ओळीच्या शेवटी मी मनगट उचललं, आणि त्याच क्षणी मास्तर म्हणाले, "न्हाई."

मी मागून घेतलं. दुसरी शक्यता. पुढच्या ओळीच्या पहिल्या सुरावर मनगट उचललं.

"न्हाई. घाई करतीस."

मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. अर्धा कान उरलेला माणूस, आणि एका सुराचा फरक अचूक पकडतोय! आम्ही दोन धडधाकट कानांची माणसं तीन रविवार चाचपडत होतो. तिसऱ्या वेळी मी दोन सूर आधी तोडलं. त्यांनी मान जोरात हलवली. "ते फुंकनाऱ्यांचं. त्येंचा दम पुरत न्हाई म्हनून. पुन्यांदा घे, पहिल्यापास्नं."

मी पहिल्यापासून घेतलं. पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीत असताना आतला पंखा गरगरत थांबला, पियानोवरचा लाल दिवा गेला आणि माझ्या बोटांखालचा आवाज बंद झाला. लाईट गेली होती. बोटं सवयीनं आणखी चार-सहा पट्ट्यांवर पडली. पट्ट्यांचा नुसता टकटक आवाज. मी हात उचलला.

"का थांबलीस?" मास्तर म्हणाले. "बरुबर चाललंय की."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते माझ्या मनगटाकडे बघत होते.

  आता त्या गोष्टी एकेक करून माझ्यासमोर यायला लागल्या: जेवूनच जा, समोर बसून बोललं की समजतंय, ओढून घेतलेली खुर्ची. उजवा कान चालला नव्हता, तो कधीच गेला होता, आणि त्यांनी सुनेलाही कळू दिलं नव्हतं. मी धावतपळत आले होते, आणि मला उशीर झाला होता. किती दिवसांनी, किती महिन्यांनी, कुणाला ठाऊक. त्यांची रचना त्यांना आता कधीच ऐकू येणार नव्हती. मला ओरडावंसं वाटलं. मेळाव्यात वाया घालवलेला तो अर्धा तास आठवला आणि स्वतःची शिसारी आली.

"घे की," मास्तर म्हणाले आणि त्यांनी आपला उजवा हात वर धरला, बँडपुढं धरत असतील तसा. आखडलेली बोटं, पण मनगट मऊ.

मी बोटं परत पट्ट्यांवर ठेवली. दुसरं काय करणार होते? त्या मेलेल्या पियानोवर मी वाजवायला लागले. टकटक, टकटक. त्यांचा हात माझ्या हाताबरोबर चालत होता, नव्हे, जरा पुढंच. कमान सुरू झाली की हात तरंगत जाई, कमान सुटली की हलकेच वर. निळ्या खुणा, लाल खुणा, सगळं डोक्यातून गेलं, मी फक्त त्या हाताकडे बघत होते. तिसरी ओळ आली. वळण आलं. ओळ संपली, हात उचलला नाही. पुढच्या ओळीचा पहिला सूर गेला, उचलला नाही. दुसरा, तिसरा, हात तसाच लांब जात राहिला, इतका की मला वाटलं आता दम तुटणार. चौथ्या सुरावर तो सुटला. तीन प्रतींपैकी एकाही प्रतीत हे नव्हतं. माझ्या तीन शक्यतांतही नव्हतं. आणि ते सुटल्याबरोबर मला कळलं की दुसरं काही असूच शकत नाही.

आम्ही चौथ्या पानाच्या शेवटापर्यंत गेलो. मास्तरांचे डोळे मिटलेले नव्हते, मिटून चालणारच नव्हतं. शेवटच्या सुरावर त्यांचा हात खाली आला आणि मांडीवर पडून राहिला.

"आता लिव," ते म्हणाले. "हेच हाय ते."

पिठाचे हात घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. बऱ्याच वेळच्या असाव्यात. "ताई," त्या म्हणाल्या, "लाईट जाऊन धा मिंटं झाली. म्हटलं, तुमी गप का..." त्यांनी मामांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, मग पियानोच्या विझलेल्या दिव्याकडे, आणि पिठाचा हात तसाच तोंडावर नेला.

मास्तरांना त्या मागं उभ्या असल्याचा पत्ता नव्हता. त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आवाज ग्वाड हाय गं ह्या पियानोचा. न्हवं?"

मी चेहरा त्यांच्यासमोर आणला, ओठ नीट दिसतील असा, आणि सावकाश म्हणाले, "व्हय मास्तर. लय ग्वाड हाय."